म्यानानं सुरीला मुठीशी धरायचं, पात्याशी नाही

तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडतो. तुम्ही साडेचार इंची पात्याची, हातानं घडवलेली शिकारी सुरी घेतलीत. पोलाद बेअरिंगचं, पातं पाठीकडं चार मिलिमीटर जाड, मूठ शिसवीची. सोबत म्यान नव्हतं, म्हणून ते चप्पल करणाऱ्या ओळखीच्या कारागिराकडून शिवून घेतलंत. तीन महिन्यांत टोकाजवळची शिवण कापली गेली आणि शेतात खाली वाकताना टोक मांडीला लागलं. पुढं एकदा गगनबावड्याच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून जाताना सुरी म्यानातून निसटून पडली. आता तुम्ही विचारताय, कातडं आणखी जाड घेऊ, की मुठीवरून टिचबटणाची पट्टी लावू?

यातलं एक केलंत किंवा दोन्ही केलंत, तरी वर्षभरात तुम्ही पुन्हा इथंच याल. धार जाड कातडंही कापते, फक्त तिला वेळ जास्त लागतो. पट्टीनं सुरी पडायची थांबेल, पण आतल्या आत शिवण कापली जायची थांबणार नाही. उलट पट्टी लावली म्हणून तुम्ही निर्धास्त व्हाल आणि आत काय चाललंय ते बघणार नाही. तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या दिसतात, पण मूळ एकच आहे. तुमच्या म्यानानं सुरीला पात्याशी धरलंय. पातं घट्ट बसलं की म्यान चांगलं, असं आपल्याला वाटतं. पण पातं जिथं घट्ट बसतं तिथं ते कापत असतं, आणि कापून कापून जागा झाली की सैल होतं. आधी शिवण गेली आणि नंतर सुरी पडली, हा क्रमच ते सांगतो.

मी गेली बावीस वर्षं कोल्हापुरात सुऱ्या करतोय. आधी उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वस्तीत, टूलरूममध्ये होतो, त्यामुळं पोलाद आणि त्याला पाणी देणं, म्हणजे तापवून कडक करणं, हाताखालचं होतं. कातडं मात्र परकं. पहिली चार-पाच वर्षं मी म्यानाकडं सुरीचं वेष्टन म्हणूनच बघायचो. कातड्याची घडी घालायची, कडेनं शिवायचं, झालं. मग भुदरगडकडच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. सुरी परत म्यानात घालताना पातं शिवणीतून बाहेर आलं आणि म्यान धरलेल्या डाव्या हाताची दोन बोटं कापली. एका बोटाची शीर गेली. ते अजून पूर्ण वाकत नाही. सुरी उत्तम होती, धार उत्तम होती, आणि म्हणूनच जखम इतकी खोल झाली. म्यान माझं होतं. त्या दिवसापासून मी सुरीपेक्षा म्यानावर जास्त वेळ घालवतो, आणि म्यान तयार नसेल तर सुरी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही.

लोक म्यानाचा विचार करतात तो सुरी बाहेर काढण्याचा. ती पटकन निघावी, आवाज व्हावा, रुबाब दिसावा. पण बाहेर काढताना तुमचं लक्ष सुरीवर असतं. अपघात होतो तो परत घालताना. काम झालेलं असतं, हात ओला किंवा तेलकट असतो, नजर दुसरीकडं असते, आणि दुसऱ्या हातानं आपण म्यानाचं तोंड सगळ्या बोटांनी आवळून धरलेलं असतं. आपल्याकडं मर्दानी खेळाचे वस्ताद पोरांना तलवार शिकवताना यासाठीच बजावतात की म्यान धरताना बोटं धारेच्या बाजूला वळवायची नाहीत. जुनं लाकडी म्यान दोन फळ्यांचं असतं. जोड उकलला तर धार सरळ तळहातात येते. सुरीच्या कातडी म्यानात फळ्यांच्या जोडाची जागा शिवणीनं घेतली, बाकी धोका तोच.

आता रचनेकडं येऊ. म्यानात तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या भागांनी करायच्या. सुरीला धरून ठेवायचं काम मुठीच्या भागानं करायचं. आत जाताना थांबवायचं काम मुठीपुढच्या उंचवट्यानं करायचं. धारेला सांभाळायचं काम शिवणीच्या आत घातलेल्या भरीनं करायचं. तुमच्या म्यानात ही तिन्ही कामं बिचाऱ्या पात्याकडं आणि दोऱ्याकडं आलीत.

भरीपासून सुरू करतो, कारण तुमच्या म्यानात ती नाही असं फोटोवरून दिसतं. भर म्हणजे दोन कातड्यांच्या मध्ये, धारेच्या बाजूनं तोंडापासून टोकापर्यंत घातलेली कातड्याची पट्टी. धार जाऊन टेकलीच तर दोऱ्याला न टेकता हिला टेकते. तिची जाडी पात्याच्या पाठीएवढी ठेवा, म्हणजे तुमच्या सुरीला चार मिलिमीटर. पातळ ठेवलीत तर म्यानाच्या भिंती धारेच्या बाजूला मिटतात आणि पातं दोन्हीकडून कातडं तासत जातं. रुंदी धारेकडं दहा मिलिमीटर पुरते, पण टोकापाशी पंधरापर्यंत वाढवा. तोंडापाशी एक थर पुरत नाही, कारण तिथं पातं नसून बावीस-चोवीस मिलिमीटर जाडीची मूठ आत उतरते. तिथं दोन थर घ्या आणि दुसरा थर रापीनं, म्हणजे कातडं तासायच्या हत्यारानं, तासत तासत पात्याच्या सुरुवातीपाशी शून्यावर आणा. हा उतार नीट जमला तर सुरी आपोआप मध्यावर येते. तो नाही जमला तर दर वेळी टोक आत कुठंतरी अडकतं.

शिवण भरीच्या बाहेरच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत घ्या. म्हणजे दोरा आणि धार यांच्यामध्ये सहा-सात मिलिमीटर भरीव कातडं उरतं. हीच तुमच्या मांडीची खरी राखण.

आता आखणी. बहुतेकांचं म्यान इथंच बिघडतं. आपण सुरी कागदावर आडवी ठेवून पेन्सिल फिरवतो आणि तिच्याबाहेर बोटभर जागा सोडतो. पात्याला ते चालतं, कारण पातं चपटं आहे. मुठीला चालत नाही. समजा मूठ तीस मिलिमीटर रुंद आणि बावीस जाड आहे. कागदावर ती तीसच दिसते. पण कातड्याला तिच्यावरून वळसा घालायचा असतो, आणि तो अर्धा वळसा साधारण एक्केचाळीस भरतो. तीसच्या हिशोबानं कापलंत तर मूठ आत उतरतच नाही. मग कारागीर काय करतो? म्यान मुठीच्या अलीकडंच संपवतो आणि सुरी पात्यावर घट्ट करून देतो. तुमच्या कारागिरानं हेच केलंय. त्याचा दोष नाही. चपलेत असला प्रश्न त्याला कधी पडलेला नसतो.

म्हणून मुठीला कागदाची पट्टी गुंडाळून मोजा, चार ठिकाणी. नमुना आधी जाड कागदाचा करा. जुन्या लग्नपत्रिका यासाठी फार चांगल्या. वाकतात आणि घडीही धरतात. घडी पाठीकडं, उघडी बाजू धारेकडं. मध्ये पुठ्ठ्याची भर ठेवून कडेला कपड्याचे चिमटे लावा आणि सुरी आतबाहेर करून बघा. मूठ निम्म्याहून जास्त आत गेली पाहिजे. मी दोन तृतीयांश घेतो. बाहेर चार बोटांपैकी दोन बोटांची पकड मिळाली तरी सुरी निघते. मुठीचा फुगीर भाग म्यानाच्या तोंडाच्या आत उतरला, की ओलं करून बसवलेलं कातडं त्याच्या पुढं आवळतं आणि सुरी उलटी धरली तरी पडत नाही. या प्रकारात बहुतेक वेळा टिचबटण लागतच नाही.

तुमची मूठ फुगीर आहे की सरळ दांड्यासारखी, हे फोटोत नीट कळत नाही. बरंचसं त्यावर अवलंबून आहे. सरळ मुठीला आवळायला जागाच नसते. तिथं पट्टी घ्यावी लागते. पट्टी घेतलीत तर ती शिवणीच्या बाजूला न लावता पाठीच्या बाजूला बसवा, आणि बटण सोडल्यावर ती स्वतःहून मागं पडेल इतकी कडक ठेवा. मऊ, लोंबती पट्टी तोंडावर येते आणि सुरी काढताना किंवा घालताना धारेखाली सापडते. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या म्यानांत सगळ्यात जास्त दिसणारी खोड म्हणजे अर्धी कापलेली पट्टी.

टोकाचं सांगतो. टोक कातड्यातून बाहेर येतं ते कातडं पातळ असल्यामुळं नव्हे. सुरी आत ढकलताना टोकावर जाऊन थांबते म्हणून ते येतं. प्रत्येक वेळी तुमच्या हाताचा सगळा जोर त्या एका बिंदूवर. सुरी थांबायला हवी ती मुठीपुढं बोट अडण्यासाठी जो उंचवटा असतो तो भरीच्या खांद्यावर टेकल्यामुळं. तेव्हा टोकाखाली पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. तळाशी एक लहान भोक ठेवा. पाणी, माती, गवताचा चुरा तिथून बाहेर पडतो. भोक नसलं की हा चुरा तळाशी दबत जातो, मोकळी जागा भरते आणि सुरी पुन्हा टोकावर उभी राहते.

नमुना बरोबर झाला का, हे शिवण्याआधीच तपासा. उद्यमनगरात फिटर दोन भाग एकमेकांवर कुठं टेकतात ते बघायला निळा मार्किंगचा रंग लावतात. मी धारेला तो बोटभर लावतो, चिमट्यांनी आवळलेल्या कच्च्या म्यानात सुरी दहा वेळा घालतो-काढतो, आणि मग उघडून बघतो. निळं भरीवर दिसलं तर हरकत नाही, तेही हलकंच. बाजूच्या भिंतीवर निळी रेघ दिसली तर तिथं धार कातडं तासतेय. रंग नसेल तर खडूची पूड चालते. आणि कान द्या. चांगल्या म्यानात पातं आवाज न करता जातं आणि शेवटी मुठीपाशी एक दबका ठोका येतो. खरखर ऐकू आली तर शिवू नका.

आता कातडं. कोल्हापुरात राहण्याचा आपल्याला इथं मोठा फायदा आहे. कोल्हापुरी चपलेचं पारंपरिक कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं असतं. कातड्याची पिशवी शिवून तिच्यात कमावण्याचं पाणी भरून ती टांगतात. म्यानाला असंच झाडाच्या सालीत कमावलेलं कातडं लागतं, कारण ते ओलं केलं की आकार घेतं आणि वाळलं की तो आकार सोडत नाही. क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं मऊ कातडं, जे पिशव्यांना आणि जाकिटांना वापरतात, ते आकार धरत नाही, आणि त्यातल्या क्षारांनी पोलाद लवकर गंजतं. ते म्यानाला घेऊच नका. चपलेच्या तळाचं म्हशीचं कातडं भरीसाठी झकास, पण भिंतींसाठी फार जाड आणि ताठर. भिंतींना तीन ते साडेतीन मिलिमीटर, सगळीकडं सारख्या जाडीचं कातडं निवडा.

चपलेच्या कारागिरीतली एक गोष्ट मात्र म्यानात आणायची नाही. कोल्हापुरी चप्पल कातड्याच्या वादीनं शिवतात, खिळा लागत नाही, आणि तो तिचा अभिमानाचा भाग आहे. म्यानात वादी पावसात फुगते, वाळताना सैल पडते, आणि तिचा टाका मोठा असतो. इथं मेण लावलेला, एक मिलिमीटरच्या आसपासचा पॉलिएस्टरचा दोरा घ्या. सुती दोरा घामानं कुजतो. आरीनं भोकं पाडून दोन सुयांनी शिवा, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोर. अशा शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. मशिनची शिवण एका ठिकाणी तुटली की उसवत जाते. टाके बसण्यासाठी आधी हलकी खाच पाडा, म्हणजे दोरा कातड्याच्या वर उभा राहून घासला जाणार नाही. तोंडापाशी तीन टाके उलटे मागं घ्या. सगळा ताण तिथंच येतो. कुणी तिथं रिव्हेट मारतात. मारायचाच तर धारेच्या वाटेपासून लांब, नाहीतर रोज एकदा तुमची धार तांब्यावर घासेल.

शिवून झालं की म्यान साध्या पाण्यात मिनिटभर बुडवा. सुरीला तेलाचा हात लावा, स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या पातळ कागदात दोन वेढे गुंडाळा आणि आत घाला. मुठीच्या फुगवट्याभोवती, खास करून त्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला, अंगठ्यानं कातडं दाबत राहा. पात्याकडं दाबायची गरज नाही. तासाभरानं सुरी काढा आणि म्यान सावलीत वाळू द्या, दोन दिवस. उन्हात किंवा चुलीजवळ नको. ओलं कातडं जास्त तापलं की आकसतं, ठिसूळ होतं आणि पुन्हा सुधारत नाही.

वाळल्यावर तेल पाजू नका, ही माझी कळकळीची विनंती. नवी चप्पल चावते म्हणून आपण तिला तेल लावून मऊ करतो. तीच सवय लोक म्यानाला लावतात. म्यान मऊ झालं की वाकतं, वाकलं की आतलं पातं भिंतीला भिडतं. म्यानाला बाहेरून फक्त मधमाशीचं मेण, थोडं गरम करून, कापडानं.

मोटरसायकलचं वेगळं सांगायला हवं. बसल्यावर कमरेचं म्यान खालून सीटला टेकतं, वाकतं आणि तोंड उघडतं. त्यात गाडीचा हादरा. सुरी मिलिमीटर मिलिमीटरनं वर सरकते. तुमची सुरी खड्ड्यात एकदम उडाली नसणार, ती आधी कितीतरी किलोमीटर वर येत असणार. चांगलं म्यान हे होऊ देणार नाही. तरीही गाडीवर सुरी कमरेला नको. घसरून पडलात तर म्यान कितीही भक्कम असो, मांडी आणि जमीन यांच्यामध्ये चार मिलिमीटर जाडीचं पोलाद असेल. म्यानासकट पिशवीत, कपड्यांत गुंडाळून न्या.

कायद्याचंही यात येतं. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरकाम आणि शेतीसाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. तुमची सुरी त्या मापापेक्षा खूप लहान आहे. पण सणासुदीला आणि निवडणुकीत शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा कमरेला लटकलेली सुरी पोलिसांना काय वाटेल याचा विचार करा. आणि तुम्ही लिहिलंय की दाजीपूरला फिरायला जाताना ती जवळ ठेवता. तिथं ती नेऊ नका. दाजीपूर राधानगरी अभयारण्यात येतं, आणि ते अभयारण्य १९५८ पासूनचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकूही आहे, आणि लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जायला मनाई आहे. शिकार तर त्याच कायद्यानं बंद आहे. ‘शिकारी सुरी’ हे आता फक्त आकाराचं नाव उरलंय: आखूड, रुंद पोटाचं पातं आणि हातात भरणारी मूठ. तुमच्यामाझ्याकडं ती ऊस, दोरखंड, फांद्या आणि मटण यांच्यासाठीच आहे.

प्लास्टिकच्या शीटचं म्यान तापवून बसवतात, त्याबद्दलही तुम्ही विचारलंय. ते पाणी धरत नाही आणि गच्च बसतं. तळ्यावर, ओढ्यात काम असेल तर चांगलंच. पण आत वाळूचा एक कण शिरला की पात्यावर कायमचा ओरखडा येतो. नियम तिथंही हाच. पकड मुठीपुढच्या उंचवट्यावर हवी, धारेपाशी हवा खेळली पाहिजे.

आणखी एक. तुमची सुरी बेअरिंगच्या पोलादाची आहे, ती गंजणार. सालीत कमावलेलं कातडं आंबटसर असतं आणि आपल्या पावसात ओल धरतं. जून ते सप्टेंबर ती म्यानात ठेवून कपाटात टाकली तर दसऱ्याला बाहेर काढाल तेव्हा पात्यावर काळे-तांबडे डाग असतील. कामापुरती म्यानात, काम झालं की पुसून, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा हात लावून वेगळी ठेवा. पात्याला पुठ्ठ्याची टोपी करा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंच जागी ठेवा.

नवं म्यान हातात आलं की सुरी आत घालून ते आधी अंथरुणावर उलटं धरून झटका. मग कमरेला लावून उकिडवे बसा, वाका, जिना उतरा, आणि दर वेळी मूठ किती वर आली ते बघा. दोन मिलिमीटरही सरकली असेल तर कातडं पुन्हा ओलं करून मुठीभोवती बसवा. परत घालताना म्यान तोंडापाशी धरू नका. अंगठा आणि तर्जनीनं पाठीच्या, म्हणजे घडीच्या बाजूला धरा, पात्याची पाठ घडीला टेकवून सरकवा, आणि सुरी पूर्ण आत जाईपर्यंत तिच्याकडं बघा.

सध्याचं म्यान टाकून देऊ नका, पण वापरूही नका. त्याची शिवण उसवा आणि दोन्ही भिंती उजेडात धरा. धारेनं आत जिथं जिथं खाच पाडली आहे ती रेघ स्पष्ट दिसेल. पुढच्या म्यानाच्या भरीची आतली कड नेमकी तिथं आखायची. ते कातडं घेऊन त्याच कारागिराकडं जा. हात त्याचा चांगला आहे, टाके सरळ आहेत. त्याला ती रेघ दाखवा आणि मुठीला गुंडाळलेली कागदी पट्टी द्या. फुगवट्याशी, पुढच्या उंचवट्याशी आणि मागच्या टोकाशी मुठीचा घेर किती भरतो, ती तीन मापं मला कळवा. मग तोंडापाशी भर किती थरांची घ्यायची ते नक्की सांगतो.